ओलखिंडीतल्या धुक्याची शिरगणती

धुकं ही आमच्या पाचखोरे संघराज्यातली पाचवी जमात आहे, आणि दर दहा वर्षांनी तिची डोकी मोजायचं काम माझ्याकडे असतं.

बाकीच्या चार जमाती तुम्हाला ठाऊक नसतील तर सांगून टाकतो. वरघाटी डोंगरावर राहतात आणि ओरडून बोलतात, कारण त्यांचा शेजारी पलीकडच्या डोंगरावर असतो. खाली गावात राहायला आले तरी आवाज तेवढाच. वरघाटी नवराबायकोचं भांडण तीन गावं ऐकतात आणि निकालही देतात. तळकाठी नदीकडचे. ते फक्त प्रश्न विचारतात. सरळ विधान करणं त्यांच्यात उद्धटपणा समजतात. तळकाठी माणसाच्या घराला आग लागली तर तो शेजाऱ्याला विचारतो, ‘तुम्हाला जरा उकडतंय का?’ मिठाळे खाडीकडचे. ते लग्नातही रडतात, मयतातही रडतात, आणि दोन्हीकडून जेवून येतात. खिंडकर कशालाच नाही म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. संघराज्यातले सगळे पूल बांधायचं काम त्यांच्याकडे आहे. पलीकडे जायचं असेल तर नावेने जावं.

राहता राहिलं धुकं. ते कार्तिकात येतं, फाल्गुनात जातं. राजधानीतल्या सभागृहात त्याची एक खुर्ची आहे, खिडकीला लागून. अधिवेशन सुरू झालं की शिपाई खिडकी उघडतो आणि धुकं आत येऊन बसतं. उन्हाळी अधिवेशनात त्या खुर्चीवर ओला पंचा टाकतात आणि तीच हजेरी धरतात. धुक्याची भाषा म्हणजे गप्प राहणं. हो म्हणायचं असलं तरी गप्प आणि नाही म्हणायचं असलं तरी गप्प. फरक कळायला खिडकीजवळच बसावं लागतं. ही संघराज्याची पाचवी राजभाषा आहे. राजपत्र पाच रकान्यांत निघतं. पाचवा रकाना कोरा असतो आणि तो तपासायला तीन भाषांतरकार नेमलेले आहेत. मागे एकदा त्यात चूक राहून गेली म्हणून अख्खा अंक परत मागवावा लागला होता.

मी मुरारबा, ओलखिंडीचा मोजणीदार. शिक्षण चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून. यंदाची माझी सहावी शिरगणती.

धुकं मोजायची रीत सोपी आहे. उजाडायच्या बेताला खिंडीत दोरी बांधायची, तिच्यावर धुतलेला पंचा टाकायचा आणि बिडी न ओढता थांबायचं. पंचा पिळून एक वाटी भरली की एक डोकं. मोजलेल्या धुक्याला बोटाने काजळ लावायचं, म्हणजे ते जरा राखाडी दिसतं आणि दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. धुकं कुरकुर करत नाही. माणसं मोजताना मात्र छळ होतो. मिठाळ्यांच्या घरात मेलेल्या आजोबांचंही नाव सांगतात आणि वर रडून दाखवतात.

शिरगणतीच्या पुस्तकात चौथा नियम असा आहे की मोजणारा स्वतःला मोजत नाही. आणि मोजायचं काम माझं, म्हणून गावात दुसरं कुणी मला मोजत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांत माझं नाव कुठल्याच यादीत आलेलं नाही. मी जन्मलो त्या दिवशी खिंडीत इतकं दाट होतं की सुईणीला मी दिसलो नाही, नुसता सापडलो. मग तिने मला कुणाच्या मांडीवर ठेवला तेही तिला दिसलं नाही. दोन घरांत आलटून पालटून वाढलो, आणि दोन्ही घरांना वाटायचं की माझं नाव दुसऱ्याने लिहवलं असेल. कुणी जमात विचारली की मी वरघाट्याला सांगायचो मिठाळा, मिठाळ्याला सांगायचो खिंडकर, आणि खिंडकराला सांगायचो, बघू. या एका मस्करीवर माझं आयुष्य मजेत गेलं. फक्त एकदा अडचण आली. यसूच्या बापाने विचारलं होतं, ‘मुलगी द्यायची म्हणतो, तुझी जमात कुठली?’ मी म्हणालो, ‘काल होती एक, आज धुवायला टाकलीय.’ यसू हसली. बाप हसला नाही. यसूचं लग्न पुढच्या महिन्यात वरघाटातल्याच एकाशी झालं.

आता यसूला सगळे यसूबाई म्हणतात. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. तिला एक मुलगी, केवडा, आणि ती धुक्यात दिलेली आहे.

ते लग्न मी पाहिलंय. मिश्रविवाहाच्या कायद्याप्रमाणे रीतसर लागलं. अंतरपाट धरायची गरज पडली नाही, नवराच अंतरपाट होता. जावई तर असा की मानपान मागितला नाही, रुसला नाही, कान पिळायला गेलेल्या पोरांच्या हाताला कान लागला नाही. केवडा दर कार्तिकात माहेरी येते आणि फाल्गुनात सासरच्या माणसांबरोबर जाते. पहिल्या वर्षी तिच्या बोटांतून पलीकडचं दिसायला लागलं, मग कोपरांतून. यंदा ती खांद्यापर्यंत विरळ झाली होती. एकदा आईने हट्टाने चैत्रापर्यंत ठेवून घेतली, तर भिंतीवर नुसती ओल राहिली. पुढच्या कार्तिकात परत आली तेव्हा यसूबाईने जावयाची नाक घासून माफी मागितली. तिथपासून ती हट्ट करत नाही.

यंदा मार्गशीर्षात राजधानीहून शिरगणती आयुक्त आले. लव्हाळेसाहेब. तळकाठी, बारीक मिशा, काखेत छत्री, आणि शिक्क्याची पेटी स्वतःच उचलणारे. त्यांनी चावडीवर बसून अकरावा नियम वाचून दाखवला. ज्या जमातीची डोकी एक हजाराच्या खाली जातील ती जमात राहणार नाही. माणसांची असेल तर शेजारच्या जमातीत मिळवली जाईल, आणि धुक्याची असेल तर तिला हवामान समजलं जाईल.

‘हवामान झालं तर काय बिघडतं?’ मी विचारलं.

‘हवामानाला घरात घेतात का?’ साहेब म्हणाले. ‘त्याच्यासाठी दारं-खिडक्या लावून घेणं बंधनकारक नाही का? हवामानाला कधी माहेर असतं का?’

चावडीमागच्या यसूबाईच्या अंगणातून आवाज आला. वरघाटी आवाज, म्हणजे चावडीवरच्या घंटेने उत्तर दिलं. ‘मुरारबा! मेल्या! ते काय म्हणाले ते पुन्हा सांग!’

मी यसूबाईकडे गेलो. तिच्या चुलीवर रिकामंच आधण ठेवलेलं होतं. धुक्याच्या जमातीत वाफ म्हणजे लहान मुलं. केवडा माहेरी असली की यसूबाई दिवसभर पाणी उकळत ठेवते, म्हणजे नातवंडं खेळती राहतात. दोन-तीन झाकणाभोवती घुटमळत होती, एक खोडकर माझ्या चष्म्यावर येऊन बसलं. केवडा उंबऱ्याशी केस विंचरत होती. कंगवा दिसत होता, मधला हात दिसत नव्हता.

‘मागच्या खेपेला किती होते?’ यसूबाईने ओरडून विचारलं.

‘बाराशे चाळीस.’

‘मग एवढं काय घाबरवतोस!’

‘आत्या, तरुण मंडळी उरली नाहीत,’ केवडा म्हणाली. आईला ती लहानपणापासून आत्या म्हणते, कारण घरातली सगळी तसं म्हणायची. ‘कारखान्याच्या गावाला जातात. तिथे धूर म्हणून नोकरी लागते. बारा महिने काम आहे. माझे धाकटे दीर दोघंही गेले. आता कुणी विचारलं तर स्वतःला धूरच सांगतात.’

यसूबाई एकदम हळू बोलली. वरघाटी माणूस हळू बोलला की गाव थबकतं. ‘मुरारबा, हजार भर. कसंही कर. मी खिडकी लावून घेणार नाही.’

मी अकरा दिवस पंचा पिळला. हाताला चरे पडले. ओढ्याकाठी बसलेलं म्हातारं धुकं, देवळामागचं, केळीच्या बागेतलं लाजरं धुकं जे उन्हं वर आल्यावरही पानाखाली दडून राहतं, सगळं काजळ लावून घेतलं. दोन ठिकाणी लबाडीही केली. पंचा आधीच ओला नेला. लव्हाळेसाहेबांनी तो हुंगला आणि विचारलं, ‘धुक्याला साबणाचा वास येतो का?’ मग मी यसूबाईच्या आधणाकडे बोट दाखवलं. म्हणालो, ती लेकरंही धुक्याचीच, धरा पाच-सहा.

‘चूल विझवली तर ती राहतील का?’ साहेबांनी विचारलं.

‘लेकरं आहेत साहेब, घरातून हाकलल्यावर कशी राहतील?’

साहेबांना प्रश्नाला प्रश्न आवडला. ते चक्क हसले. पण पुस्तकात पाहून त्यांनी मान हलवली.

बाराव्या दिवशी बेरीज झाली. नऊशे अठ्ठ्याण्णव.

चावडीवर सगळी ओलखिंड जमली होती. मिठाळे आधीच रडायला लागले होते. खिंडकरांचा सरपंच बाजीबा म्हणाला, ‘बघू, होईल काहीतरी,’ आणि तिथेच खांबाला टेकून झोपला. साहेब पानं चाळत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

‘वरघाटी यादीत, घर क्रमांक एकोणीसमध्ये, केवडा नावाची बाई कशी?’

चूक अशी होती की तिला चूक म्हणायला कुणी धजत नव्हतं. वरघाटींची रीत आहे. मुलीचं नाव माहेरच्या दारावर कोरलेलं असतं, आणि ती सासरी गेली तरी ते आईनेच खरवडून काढायचं असतं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बहुतेक आया लग्नाच्या संध्याकाळी खरवडतात. यसूबाईने खरवडलं नव्हतं. दारावर नाव, म्हणून दर शिरगणतीला यादीत नाव. मी तिथून जाताना दुसरीकडे बघायचो.

‘एक माणूस दोन जमातींत असू शकतं का?’ साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज वाईट नव्हता. ‘बाई, तुम्हाला ती माहेरच्या यादीत हवी, की माहेरी?’

यसूबाई घरी गेली. आम्ही मागोमाग गेलो, पण फाटकाशी थांबलो. तिने विळा आणला आणि दारासमोर उभी राहिली. जुनं सागवानी दार, अक्षरं खोल. केवडा तिच्या पाठीशी उभी होती आणि तिच्यातून मला दारावरचं तिचं नाव वाचता येत होतं. यसूबाईने एकेक अक्षर खरवडलं. भुसा केवड्याच्या पायाशी पडला आणि ओला झाला.

साहेबांनी पंचा मागवला. केवड्याने पाठ केली. पंचा तिच्या खांद्यावर टाकला, थोड्या वेळाने पिळला. वाटी काठोकाठ भरली, वर चार थेंब.

‘नऊशे नव्व्याण्णव का?’ साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं.

आता एकच हवं होतं आणि खिंडीत काजळ न लागलेलं मूठभरही धुकं उरलं नव्हतं. उद्या सूर्य मावळला की पुस्तक बंद होणार होतं. नाव तर खरवडून झालं होतं. यसूबाई दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसली होती. मी गेली पन्नास वर्षं तिला हसवायला काहीतरी बोलत आलोय. त्या दिवशी मी नुसता भुसा गोळा केला.

चावडीवर चहा झाला. साहेब शिस्तीचे, स्वतःचा वगळून उष्टे कपही मोजले. मग त्यांनी यादी पाहिली, परत कप मोजले आणि छत्री खाली ठेवली.

‘केवडा वजा जाता गावात माणसं तीनशे अकरा ना? मग कप तीनशे बारा कसे?’

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे.

‘तुम्ही कोण?’ साहेबांनी मला विचारलं.

‘मोजणीदार.’

‘ते काम झालं ना? माणूस कोण?’

‘तो मिठाळा आहे!’ वरघाटी ओरडले. ‘हा? हा खिंडकर!’ मिठाळे डोळे पुसत म्हणाले. ‘मला तर नुसतं बघू म्हणाला,’ बाजीबा झोपेतून उठून म्हणाला. ‘मीही बघू म्हणालो.’ त्यावर अर्धा तास गोंधळ झाला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. पन्नास वर्षं पेरलेलं एका दुपारी उगवलं होतं. आणि त्याच वेळी मला कळलं की आता कुठलीही जमात सांगितली तरी मस्करी संपली. पण संपवायचीच, तर कुठे संपवावी एवढं तरी माझ्या हातात होतं.

मी म्हणालो, ‘साहेब, मी धुकं.’

कुणी हसलं नाही. साहेबांनी पुस्तक उघडलं. सातवा नियम: ज्याची मातृभाषा जी, त्याची जमात ती. शंका असेल तर आयुक्तांनी एक दिवस परीक्षा घ्यावी.

‘उद्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत?’ त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, मग मिटलं. परीक्षा तिथूनच सुरू झाली असं त्यांनी लिहिलं.

तळकाठी माणसाने घेतलेली तोंडी परीक्षा कशी असते ते ज्याने दिली नाही त्याला सांगून कळणार नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला चावडीच्या ओट्यावर बसवलं आणि विचारत सुटले. नाव काय? जेवलात का? ओलखिंडीत सर्वांत आळशी कोण? बाजीबा समोर बसला होता. माझ्या जिभेवर त्याचं नाव सात वेळा आलं आणि सात वेळा मी ते गिळलं. देवळातला नारळ दर वर्षी कोण पळवतं? मास्तरांच्या खुर्चीला डिंक कुणी लावला होता? हे सगळं मला ठाऊक होतं. बहुतेक ठिकाणी तो मीच होतो. गावच्या मंडळींनाही चेव आला. ‘मुरारबा, तुझं धोतर सुटलंय!’ ‘मुरारबा, अरे बोल की, की जीभ गहाण टाकलीस?’ दुपारपर्यंत माझ्या पोटात इतकी उत्तरं साठली की ढेकरही जपून द्यावा लागला.

केवडा माझ्या शेजारी येऊन बसली होती. थंड वाटत होतं. हळूहळू ध्यानात आलं की गप्प राहण्यातही बरंच काही असतं. ओढ्याचा आवाज असतो. दूरच्या पुलावरून एक दगड पडल्याचा असतो. यसूबाईच्या घरातून आधणाचा खळखळाट येत होता, तो कधी वाढायचा, कधी मंदावायचा, आणि पोरं कुठल्या खोलीत गेलीत ते मला कळायला लागलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा साहेबांचे प्रश्न संपत आले. ते पाणी प्यायले. आवाज खाली आणला.

‘यसूबाईंच्या वडिलांनी तुम्हाला जमात विचारली होती, तेव्हा तुम्ही थट्टा का केलीत? त्यांच्याशी लग्न करायचं मनात होतं, हे खरं का?’

त्यांना कुणी सांगितलं ते विचारू नका. वरघाट्यांत गुपित म्हणजे जे फक्त एकाच डोंगरावर ऐकू जातं.

मिठाळेसुद्धा रडायचे थांबले. यसूबाई पाण्याची कळशी घेऊन चावडीच्या खिडकीशी उभी होती. तिने कळशी खाली ठेवली नाही. माझ्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरं होती. एक असं की सगळी चावडी पोट धरून हसली असती. दुसरं मी पन्नास वर्षं कुणालाच दिलं नव्हतं.

मी काहीच बोललो नाही. सूर्य बाजीबाच्या छपरामागे गेला.

साहेबांनी शिक्क्यावर फुंकर मारली, कागदावर दाबला आणि विचारलं, ‘एक हजार, नाही का?’

मिठाळ्यांनी मग मनसोक्त रडून घेतलं. खिंडकरांनी आनंदाच्या भरात एक पूल बांधायला घेतला. लव्हाळेसाहेब निघताना माझ्याशी हात मिळवायला आले, हात शोधायला त्यांना जरा वेळ लागला, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात माझा उजवा कान दिसेना. पौषात गुडघे गेले, आणि त्यांचं दुखणंही. संक्रांतीला लोकांनी दिलेला तिळगूळ तळहातातून खाली पडला. नातवंडांशी माझी चांगली गट्टी जमली. आता ती माझ्या चष्म्यावर बसत नाहीत, चष्माच राहिला नाही. मोजणीदाराच्या जागेवर बाजीबाची नेमणूक झाली आहे. तो म्हणालाय, बघू.

आणि एक बदल झाला. केवड्याच्या सासरचा झालो, म्हणजे यसूबाईचा मी व्याही लागतो. आता ती मला मेल्या म्हणू शकत नाही. ती ‘अहो व्याही’ म्हणते, पानाचा पहिला विडा मला लावते, आणि तो तसाच ताटात राहिला की पदराआड हसते.

फाल्गुनात आमच्या लोकांची निघायची वेळ झाली. यसूबाईने दोन शिदोऱ्या बांधल्या, एक केवड्याची आणि एक माझी, आणि दोन्ही खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या. दारावर नाव खरवडलेल्या जागी पांढरं लाकूड दिसत होतं. तिने तिथे हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. जावई पुढे निघाला, मागे केवडा, तिच्या मागे मी. ही हकीकत राजपत्राच्या याच महिन्याच्या अंकात पाचव्या रकान्यात आली आहे. भाषांतरकारांनी दोनदा तपासली, चूक निघाली नाही.

खिंडीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला. तीन गावांनी ऐकला असणार.

‘अहो व्याही! कार्तिकात याल ना?’

मी गप्प राहिलो. यसू खिडकीजवळच उभी होती, तिला कळलं.